इयादत : हक्क कोणाचा?

आजाऱ्याची इयादत हा एका मुसलमानाचा दुसऱ्यावरील हक्क आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. हा हक्क आजाऱ्याचा आहे, भेटायला जाणाऱ्याचा नव्हे, हे मात्र बहुधा विसरतो.

समजा, पानशेतची एखादी भगिनी पुण्यात केमोथेरपी घेऊन घरी परतली. सायंकाळपर्यंत खाला, फुफू, शेजारणी आणि सर्दीने बेजार झालेला एखादा भाचाही तिच्या उशाशी जमतो. मायेत खोट नसते. परंतु केमोथेरपीची औषधे हाडांतील मज्जेवरही घाला घालतात आणि साधारणतः 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी अगदी खाली उतरतात. अशा वेळी भाच्याची सर्दी हीदेखील किरकोळ बाब राहत नाही.

पेशी वाढविण्यासाठी फिलग्रास्टिमचे इंजेक्शन 1991 पासून वापरात आहे. केमोथेरपीनंतर निदान 24 तासांनी ते त्वचेखाली देतात. मज्जा जोमाने कामास लागते, म्हणून कंबर व मांड्या ठणकतात. पाहणाऱ्यांना वाटते, आजारच बळावला!

"इंजेक्शन घेतले आहे ना, मग भेटायला काय हरकत?" असे कोणी विचारील. हे औषध कर्करोग बरा करीत नाही. ते धोक्याचे दिवस कमी करते, इतकेच. 12 जुलै 1961 ची कहाणी पानशेतकरांना सांगावयास नको. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. धरण वाचले नाही. पण पाणी पुण्यात रात्री न शिरता दिवसा शिरले आणि असंख्य जीव वाचले. मिळालेला अवधी कसा वापरावा, हे माणसाच्या हाती असते.

मग दूर राहणे म्हणजे तवक्कुलमध्ये उणीव नव्हे काय? शामच्या वाटेवर प्लेगची वार्ता कळताच हजरत उमर (रजि.) माघारी फिरले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, तेव्हा आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. आजारी उंट निरोगी उंटांत आणू नयेत, ही तर प्रेषितांचीच (स.) शिकवण. येथे सावधगिरीची दिशा तेवढी उलटी आहे : निरोगी दिसणाऱ्यांपासून आजाऱ्याला जपायचे आहे.

तरीही एक गोष्ट मनाला टोचते. बंद दारामागे एकटे पडणे हेही दुःखच आहे, आणि "डॉक्टरांनी मनाई केली" हे निमित्त पुढे करून अंग काढून घेणारेही असतात. त्यांची गणना इयादत करणाऱ्यांत कशी करावी? दाराबाहेरून सलाम करता येतो, फोनवर दुआ देता येते, ताजे शिजविलेले अन्न पोहोचविता येते. इंजेक्शन 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. ते बर्फाच्या डब्यातून आणण्याची जबाबदारी घेता येते. आणि ताप 38 अंशांवर गेला, तर सकाळची वाट पाहणे परवडत नाही. मध्यरात्री पानशेतहून पुण्याला गाडी कोण काढणार, हे आजच ठरवून त्याचा नंबर त्या घरात देऊन ठेवा.