प्रामाणिक मौन : एमिली डिकिन्सन आणि विश्वासाची कबुली



विश्वासाची जाहीर कबुली देणे हे ख्रिस्ती जीवनातील महत्त्वाचे पाऊल आहे, याविषयी आपल्यात दुमत असण्याचे कारण नाही. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात अंतःकरणातील विश्वास आणि मुखाची कबुली ही दोन्ही एकत्र सांगितली आहेत. परंतु या दोहोंपैकी एकच असेल तर काय? एकाने मुखाने कबुली दिली, पण त्याचे अंतःकरण मागेच राहिले. दुसऱ्याचे अंतःकरण अजून झुंजत आहे, म्हणून त्याचे मुख मिटलेलेच राहिले. या दोघांपैकी देवासमोर अधिक खरा कोण? हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राच्या पंडितांचा नाही. दृढीकरणाच्या वर्गात बसणाऱ्या प्रत्येक मुलाचा, त्याच्या आईवडिलांचा आणि पाळकांचाही तो प्रश्न आहे. त्याचा विचार करताना एका अमेरिकन कवयित्रीचे जीवन आपल्यापुढे ठेवावेसे वाटते.

एमिली डिकिन्सन हिचा जन्म १० डिसेंबर १८३० रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ॲमहर्स्ट या गावी झाला. घराणे प्रतिष्ठित आणि धर्मनिष्ठ होते. आजोबा ॲमहर्स्ट कॉलेजच्या संस्थापकांपैकी एक. वडील एडवर्ड डिकिन्सन हे वकील, त्या कॉलेजचे खजिनदार आणि पुढे अमेरिकन काँग्रेसचे सदस्य. घरी रोज कौटुंबिक उपासना होई. एमिलीचे बालपण व तारुण्य ज्या घरात गेले, त्याच्या खिडक्यांतून गावची दफनभूमी दिसे. १८४४ साली, ती अवघी तेरा वर्षांची असताना, तिची एक मैत्रीण तापाने मरण पावली आणि त्या मृत्यूने ती इतकी खचली की तिला काही दिवस दुसऱ्या गावी पाठवावे लागले. अनंतकाळ हा शब्द तिच्यासाठी केवळ उपदेशातला शब्द राहिला नाही. तो घराच्या कुंपणापलीकडेच उभा होता.

१८४७ साली ती जवळच्याच साउथ हॅडली येथील माउंट होलिओक या मुलींच्या विद्यालयात दाखल झाली. मेरी लायन या थोर बाईंनी १८३७ मध्ये ही संस्था सुरू केली होती. मुलींना उत्तम शिक्षण मिळावे आणि प्रत्येकीने आपले जीवन ख्रिस्ताला द्यावे, ही त्यांची तळमळ होती. तेथे विद्यार्थिनींचे तीन वर्ग मानले जात: विश्वासाची कबुली दिलेल्या, आशा बाळगणाऱ्या आणि अद्याप आशा नसलेल्या. एमिलीची गणना तिसऱ्या वर्गात झाली. वर्षभर प्रार्थनासभा झाल्या, शिक्षिकांनी एकेकीशी कळकळीने बोलून पाहिले. पुष्कळ मैत्रिणी एका वर्गातून दुसऱ्यात गेल्या; एमिली गेली नाही. ज्यांना ख्रिस्ती व्हायची इच्छा आहे त्यांनी उठून उभे राहावे, असे एकदा सांगण्यात आले असता ती बसूनच राहिली, अशी आठवण तिच्या एका नात्यातील स्त्रीने पुढे लिहून ठेवली. आपण उठलो नाही याचे इतरांना नवल वाटले, परंतु खोटे बोललो असतो तर ते अधिक नवलाचे झाले असते, असा तिच्या सांगण्याचा आशय होता.

या आठवणीत काही अतिशयोक्ती असेल. न उठणारी ती एकटीच होती असेही नाही. तथापि त्या काळातील तिच्या पत्रांतून दिसणारे मन याहून वेगळे नाही. ती उद्धट नव्हती, बेफिकीर तर मुळीच नव्हती. लहानपणी आपल्याला तारणाऱ्याची शांती लाभल्यासारखे वाटले होते, पण ती टिकली नाही, असे तिने एका मैत्रिणीला लिहिले. आपण संधी दवडली याचे दुःखही तिने कळवले. परंतु ज्या समर्पणाची कबुली द्यायची, ते समर्पण आपल्या ठायी झालेले नाही हे तिला ठाऊक होते. १८५० साली ॲमहर्स्टमध्ये मोठी धार्मिक जागृती झाली. त्या वर्षी वडील मंडळीत सामील झाले, धाकटी बहीण लव्हिनिया झाली, पुढे वहिनी झालेली जिवलग मैत्रीण सुझन झाली. काही वर्षांनी भाऊ ऑस्टिनही झाला. एमिली मात्र जन्मभर मंडळीची सभासद झाली नाही आणि तिशीच्या सुमारास तिचे उपासनेला जाणेही थांबले.

वाचकहो, ही हकीकत आपल्याला सर्वस्वी परकी नाही. मॅसॅच्युसेट्समधील ज्या काँग्रिगेशनल मंडळ्यांत हे घराणे वावरत होते, त्याच परंपरेतून अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस आले. एमिली लहान असतानाच, १८४२ मध्ये, याच मिशनने अहमदनगर येथे ‘ज्ञानोदय’ सुरू केला. पुढे या मिशनच्या सहवासात १८९५ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई मात्र पतीच्या मागोमाग गेल्या नाहीत. त्यांचे स्वतःचे मन वळायला सुमारे पाच वर्षे लागली. पतीचा ‘होय’ त्यांनी उसना घेतला नाही, म्हणून त्यांचा स्वतःचा ‘होय’ पुढे इतका भक्कम ठरला. एमिलीच्या जीवनात तो क्षण जाहीरपणे कधीच आला नाही. मग ती देवापासून दूर गेली असे म्हणावे काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी तिच्या कवितांकडे वळावे लागते. तिने जवळजवळ अठराशे कविता लिहिल्या. हयातीत छापल्या गेल्या त्या जेमतेम दहा, त्याही निनावी. १८६२ साली तिने टॉमस हिगिन्सन या लेखकाला काही कविता पाठवून त्या जिवंत आहेत का, असे विचारले. त्याने उत्तेजन दिले, पण छापण्याची घाई करू नये असे सुचवले. ती आपल्या खोलीत लिहीत राहिली. कागदाच्या घड्या करून, सुईदोऱ्याने शिवून तिने सुमारे चाळीस वह्या तयार केल्या. १५ मे १८८६ रोजी तिचे निधन झाल्यावर त्या लव्हिनियाच्या हाती लागल्या आणि १८९० साली पहिला संग्रह प्रसिद्ध झाला. त्या वेळी संपादकांनी तिची खटकणारी यमके आणि विरामचिन्हे ‘सुधारली’. तिचे शब्द तिने लिहिले तसे समग्र रूपात जगापुढे यायला १९५५ साल उजाडले.

या कविता वाचताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. त्यांतील बहुसंख्य कवितांचा ताल हा उपासनेतील स्तोत्रांचा ताल आहे. आयझॅक वॉट्स यांच्या ज्या गीतांवर तिचे कान घडले, त्यांच्याच छंदात तिने आपले प्रश्न मांडले. मंडळीचा बाक तिने सोडला, पण मंडळीची चाल सोडली नाही. मृत्यू, पुनरुत्थान, गेथशेमाने, स्वर्ग हे विषय तिच्या लेखणीत पुनःपुन्हा येतात. कधी ती देवाशी भांडते, कधी त्याच्या मौनाबद्दल कडवटपणे बोलते, तर कधी दुःखे सोसणाऱ्या ख्रिस्ताला आपला सोबती मानते. याकोबाची रात्रभराची झुंज तिच्या विशेष आवडीची. विश्वास व अविश्वास यांच्या दरम्यान मनाच्या सतत येरझाऱ्या चालतात आणि त्यामुळेच विश्वास चपळ राहतो, अशा आशयाचे वाक्य तिने उतारवयातील एका पत्रात लिहिले आहे. ज्याला देवाचे काही देणेघेणे नाही, तो माणूस असा आयुष्यभर त्याच्या दाराशी घुटमळत नाही.

पवित्र शास्त्रात अशा माणसांना जागा आहे. दोन मुलांचा दाखला आठवा: बापाने द्राक्षमळ्यात जायला सांगितल्यावर एकाने नकार दिला आणि मग तो गेला, दुसऱ्याने आदराने होकार दिला आणि तो गेलाच नाही. प्रभूने कोणाची बाजू उचलून धरली, हे आपण जाणतो. मार्काच्या नवव्या अध्यायातील आजारी मुलाचा बाप आपला विश्वास आणि आपला अविश्वास एकाच श्वासात प्रभूपुढे ठेवतो आणि त्याचे लेकरू बरे होते. थोमाला प्रभूने शिष्यांतून काढून टाकले नाही. आपल्या जखमा दाखवल्या.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. एमिलीचा प्रामाणिकपणा वाखाणताना तिच्या एकांताला आदर्श मानण्याचे कारण नाही. विश्वास ही एकट्याने जपायची ठेव नव्हे. ती शेजाऱ्यांना दुःखात चिठ्ठ्या व फुले पाठवी, आजारी आईची अनेक वर्षे सेवा करी, मुलांसाठी खिडकीतून टोपलीत खाऊ सोडी. १८८३ साली आठ वर्षांचा लाडका पुतण्या विषमज्वराने अत्यवस्थ झाला, तेव्हा कित्येक वर्षांनी भावाच्या घराचा उंबरठा ओलांडून ती त्याच्या उशाशी गेली. हे सारे खरे. पण भाकर मोडताना शेजारी बसलेल्या माणसाचा आधार तिला लाभला नाही आणि तिच्यासारख्या खऱ्या मनाचा सहवास तिच्या मंडळीला लाभला नाही. तोटा दोघांचाही झाला. दोष कोणाचा हे ठरवणे आपले काम नव्हे. परंतु ज्या मंडळीत ‘आशा नाही’ असा शिक्का बसतो, तेथे झुंजणाऱ्याने बसायचे तरी कोठे, हा विचार आपण केलाच पाहिजे.

आज आपल्या मंडळ्यांतूनही सभेच्या अखेरीस ‘उभे राहा’, ‘हात वर करा’ असे आवाहन होते. मित्र उठले म्हणून उठणारी, आई रडेल म्हणून उठणारी, चांगले स्थळ हवे म्हणून उठणारी मुले आपण पाहतो. त्या संध्याकाळी आपल्याला आनंद होतो, संख्या नोंदली जाते. काही वर्षांनी तीच मुले मंडळीत दिसेनाशी झाली की आपण जगाला दोष देतो. कदाचित त्यांनी विश्वास सोडलेला नसतो. आपण त्यांच्या तोंडी घातलेला शब्द तेवढा त्यांनी खाली ठेवलेला असतो.

म्हणून आईवडिलांनो आणि पाळकांनो, तुमचा मुलगा किंवा मुलगी बसून राहिली तर घाबरू नका, तिला लाजवू नका. तिच्याशेजारी बसा. तिचा प्रश्न ऐका. उत्तर येत नसेल तर तसे सांगा आणि तिच्याबरोबर प्रार्थना करा. आणि तरुण वाचका, तू अजून उठला नसशील, तर खोटा उठू नकोस. परंतु बसून राहण्यातच धन्यता मानू नकोस. याकोब रात्रभर झुंजला, पण त्याने धरलेला हात सोडला नाही, आणि पहाटे तो आशीर्वाद घेऊनच निघाला.

ॲमहर्स्टच्या दफनभूमीत एमिलीच्या कबरीवर कोरलेल्या मोजक्या शब्दांत मृत्यूला परतीचे बोलावणे म्हटले आहे. बोलावणाऱ्याला तिने काय उत्तर दिले, ते त्या दोघांनाच ठाऊक. आपल्यापुरते एवढे पुरे की आपले उत्तर, लवकर येवो वा उशिरा, आपले स्वतःचे असावे.