भार

अर्धापूरची केळी हौद्यात रचून नांदेडहून निघालेले पिकअप असो, की चाकूर-अहमदपूरच्या बाजूने तुरीची आणि सोयाबीनची पोती घेऊन लातूरच्या बाजार समितीत शिरणारे पिकअप असो, त्याच्या असण्याचे प्रयोजन एकच आहे, आणि ते म्हणजे भार वाहणे. म्हणून साधकहो, एखादा हुशार तरुण मिस्त्री जेव्हा अशा गाडीच्या डिझेल इंजिनाला एकाऐवजी दोन टर्बो बसवण्याचा बेत कागदावर मांडतो आणि पहिल्याच ओळीत किती अश्वशक्ती हवी ते लिहितो, तेव्हा त्याच्या उत्साहाचे कौतुक वाटत असतानाही त्याला थोडे थांबवावेसे वाटते. पहिल्या ओळीत भार यायला हवा. किती क्विंटल, कोणत्या चढावर, कोणत्या गिअरमध्ये, इंजिनाच्या किती फेऱ्यांवर, आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी, एवढे उमगले की बळाचा आकडा त्यातून आपोआप निघतो. हे न उमगता लिहिलेला आकडा कितीही मोठा असला तरी तो कोणाच्याही उपयोगाचा नसतो.

भार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोती येतात, पण त्याच्या आत एक सूक्ष्म भार आहे आणि तो हवेचा आहे. हवेलाही वजन असते. समुद्रसपाटीला, पंधरा अंशांच्या गारव्यात, एक घनमीटर हवा सुमारे सव्वा किलो भरते. तीच हवा बालाघाटच्या पठारावर, मे महिन्याच्या दुपारी, पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकलेला असताना जेमतेम एक किलो पन्नास ग्रॅम भरते. नांदेडहून लातूरकडे जाताना रस्ता गोदावरीचे खोरे सोडून या पठारावर चढतो, म्हणजे जिथे गाडीला अधिक ओढायचे असते तिथेच हवा विरळ होत जाते, आणि ड्रायव्हर मंडळी ज्याला ‘गाडी दम टाकते’ असे म्हणतात ते घडते. आपल्याकडे सर्वत्र दिसणाऱ्या बोलेरो पिकअपसारखे अडीच लिटरचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर, टर्बो नसता, फार तर अडीच घनमीटर हवा ओढील. एक किलो डिझेल पुरते जळायला किमान साडेचौदा किलो हवा लागते, आणि धूर काळा न करता जळायला त्याहूनही बरीच अधिक, अठरा-वीस किलो लागते. पंप वाढवून, नोझल मोठे करून डिझेल कितीही ओतता येते. पण हवेचा भार तेवढाच राहिला तर वाढीव डिझेल काजळी होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडते, आणि मालकाला तोच धूर बळाची खूण वाटतो.

हा हवेचा भार वाढवण्याची युक्ती स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये पेटंटात मांडली. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या शक्तीपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग धुरातून वाया जातो. त्या तप्त धुराच्या वाटेवर एक चाक ठेवायचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक ठेवून त्याने ताजी हवा दाबायची, म्हणजे तेवढ्याच पोकळीत अधिक वजनाची हवा मावते. मला या रचनेतली सर्वांत मननीय गोष्ट वेगळीच वाटते. गाडी गॅरेजात उभी करून, न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर कितीही दाबला, तरी टर्बोच्या दाबाचा काटा फारसा हलत नाही. इंजिन गुरगुरते, पण धुरात चाकाला नेटाने फिरवण्याइतकी ऊर्जा नसते, कारण इंजिनाला डिझेल थोडेच पुरते. तीच गाडी भरल्या हौद्यानिशी तिसऱ्या गिअरमध्ये चढाला लागली की डिझेल वाढते, धूर तापतो, चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेते आणि काटा वर सरकतो. भार आला म्हणून बळ आले. रिकामेपणी बळ साठवून ठेवण्याची सोय या यंत्रात नाही. ज्यांनी संसाराचा गाडा ओढता ओढता साधना केली त्यांना हे वेगळे सांगायला नको, कारण अंगावर पडलेले ओझेच आतल्या सामर्थ्याला जागे करते हा अनुभव श्रद्धावंताला नित्याचा आहे.

आता दोन टर्बो कशाला, ते पाहू. एकच मोठा टर्बो लावला तर त्याचे चाक जड. कमी फेऱ्यांवरचा मंद धूर त्याला हलवू शकत नाही, आणि चढाच्या पायथ्याशी, जिथे भार सर्वांत जाचतो, तिथेच तो उशिरा जागा होतो. एकच लहान लावला तर तो लगेच फिरतो, पण वेग वाढताच धुराच्या वाटेत बोळ्यासारखा अडकतो. म्हणून चार सिलिंडरच्या इंजिनाला दोन टर्बो बाजूबाजूने न लावता एकामागे एक लावावेत हे बरे: इंजिनाजवळ लहान, त्याच्या पलीकडे मोठा, आणि ताजी हवा आधी मोठ्यात, मग लहानात. फोर्डने आपल्या रेंजर पिकअपला २०१८ मध्ये दोन लिटरचे द्वि-टर्बो डिझेल इंजिन दिले आणि त्यातून २१३ अश्वशक्ती व ५०० न्यूटन-मीटर ओढ काढली. तिथेही लहान-मोठ्याची हीच विभागणी आहे. इथे एक गणित नीट ध्यानात घ्यावे. दोघांचे दाब एकमेकांत मिळवायचे नसतात, त्यांचा गुणाकार होतो. दोघांनी प्रत्येकी हवा १.६ पट दाबली तर एकत्र दाब अडीच पटींच्या थोडा वर जातो. एकट्याला अडीच पट दाबायला जे श्रम पडले असते, त्याऐवजी दोघेही आपापल्या सुखाच्या मर्यादेत राहतात. गंगाखेडच्या जनाबाईच्या जात्याला विठ्ठलाने हात लावला, ही गोदाकाठची आपली श्रद्धा आहे; त्या दळणात दाणे कमी झाले नव्हते, जातेही तेच होते, पण एका खुंट्यावर दोन हात आले, आणि दोन हात एका खुंट्यावर आले की एकाने दुसऱ्याची लय सांभाळावी लागते. टर्बोंच्या जोडीत ही लय धुराचा आडमार्ग उघडणाऱ्या झडपेच्या हाती असते. ती उशिरा उघडली तर लहान चाक आपल्या मर्यादेबाहेर फिरून फुटते. लवकर उघडली तर मोठे अजून तयार नसते आणि भार दोघांच्या मधल्या पोकळीत लोंबकळत राहतो. सगळ्या बेतात मी सर्वाधिक वेळ या झडपेवर घालवावा म्हणेन.

हवा दाबली की ती तापते, आणि तापलेली हवा पुन्हा हलकी होते. त्रेचाळीस अंशांची हवा अडीच पट दाबली तर ती सुमारे पावणेदोनशे अंशांपर्यंत जाते, आणि मग दाब अडीच पट दिसला तरी हवेचा खरा भार जेमतेम पावणेदोन पटच वाढलेला असतो. इंटरकूलरने तीच हवा साठ अंशांवर आणली, तर भार सव्वादोन पटींच्या पुढे जातो. गॅरेजात ‘किती बार?’ असे विचारतात. बार हा दाबाचा आकडा आहे, भाराचा नव्हे, आणि आपल्या उन्हाळ्यात या दोहोंतले अंतर सर्वांत मोठे असते. म्हणून मराठवाड्यात दुसऱ्या टर्बोच्या आधी मोठ्या इंटरकूलरची जागा आखावी, रेडिएटरला वाहती हवा उरेल ना ते बघावे, आणि टर्बोच्या तोंडाशी धुराचे तापमान दाखवणारा काटा बसवावा. सातशे अंशांच्या वर तो फार वेळ राहिला तर ॲल्युमिनियमच्या पिस्टनची धडगत नसते.

हा भार पुढे कुठे जातो, तेही पाहायला हवे, कारण तो नाहीसा होत नाही, फक्त खांदा बदलतो. सिलिंडरातला वाढलेला दाब हेड गॅसकेटवर आणि कनेक्टिंग रॉडवर येतो, तिथून क्लचप्लेटवर, गिअरबॉक्सवर, क्राऊन-पिनियनवर. ज्याने कारखान्यातली क्लचप्लेट तशीच ठेवली त्याची गाडी पहिल्या भरल्या चढावर जळका वास देते. ब्रेकचा विचार तर फारच थोडे करतात. वेग दीडपट झाला की गाडी थांबवण्याचे काम सव्वादोनपट होते, आणि समोरून येणाऱ्या बैलगाडीला आपल्या इंजिनात किती टर्बोंचे बळ आले आहे ते ठाऊक नसते.

याच ठिकाणी भार हा जबाबदारीचा होतो. एमएच-२४ असो वा एमएच-२६, नोंदणीपत्रात जे एकूण वजन लिहिले आहे ते दोन टर्बोंनी वाढत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे बावन्नावे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करते, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते अधिकच स्पष्ट केले, आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धुराची सारी यंत्रणा एका इंजिनाशी घट्ट बांधलेली आहे. म्हणून माझे मत सरळ आहे: रस्त्यावर रोजचा माल वाहणाऱ्या गाडीवर हा प्रयोग करू नये. विष्णुपुरीच्या गुरू गोविंद सिंहजी अभियांत्रिकी संस्थेसारख्या विद्येच्या जागी, चाचणीच्या मांडणीवर चढवलेल्या इंजिनावर तो अवश्य करावा, आणि मनापासून करावा; तिथे चुकलेल्या हिशेबाचा भार रस्त्यावरच्या परक्या माणसावर पडत नाही. पिकअपने अधिक ओढावे असे वाटत असेल, तर आहे तोच टर्बो तपासावा, इंटरकूलरची माती धुवावी, एअर फिल्टर बदलावा, रबरी होजमधून हवा गळते का ते पाहावे. दम टाकणाऱ्या कितीतरी गाड्यांत भाराचा वाटा उचलणारी हवाच वाटेत गळत असते.

आणि भार उतरवण्याचीही एक रीत आहे. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. चढ संपवून, ढाब्याशी येताच किल्ली फिरवली की तेलाचा पंप तत्क्षणी थांबतो, दांडा मात्र फिरत राहतो, आणि धुराच्या बाजूला अडकलेले तेल उष्णतेने जळून कोळसा होते. दोन टर्बो असले तर ही दक्षता दुप्पट. पोती उतरवण्याआधी एक-दोन मिनिटे इंजिन संथ चालू द्यावे, हौद्याचे फळके सोडायला माणसे येईपर्यंत तेवढा वेळ सहज निघून जातो.