मृत्युदर, वय आणि उपाधी

इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने ऑगस्ट २०२१ मध्ये कोरोना विषाणूच्या डेल्टा प्रकाराने बाधित झालेल्यांची जी आकडेवारी प्रसिद्ध केली, तीत लशीची किमान एक मात्रा घेतलेल्या १,१७,११४ बाधितांपैकी ४८१ आणि लस न घेतलेल्या १,५१,०५२ बाधितांपैकी २५३ मृत्यू नोंदलेले होते. हे दर अनुक्रमे ०.४१ आणि ०.१७ टक्के भरतात, आणि त्यांवरून लसच घातक ठरली असे अनुमान सहज निघते. मात्र तेच बाधित वयानुसार वेगळे केले की पन्नाशी ओलांडलेल्यांत लसवंतांचा मृत्युदर १.६८ टक्के व लसहीनांचा ५.९६ टक्के येतो, आणि त्याहून लहान वयातही लसवंतांचाच दर कमी दिसतो.

भारतीय तर्कपरंपरेतील न्यायदर्शनात अशा फसव्या अनुमानाच्या दोषाची मीमांसा फार पूर्वी झालेली आहे. हेतू (ज्यावरून अनुमान करायचे ते) आणि साध्य (ज्याचे अनुमान करायचे ते) यांच्या नियत साहचर्याला नैयायिक व्याप्ती म्हणतात. जो घटक साध्यासोबत सर्वत्र असतो पण हेतूसोबत सर्वत्र नसतो, तो उपाधी होय. अग्नीवरून धुराचे अनुमान करता येत नाही, कारण धूर ओल्या सरपणामुळे होतो आणि प्रत्येक अग्नीला ओले सरपण नसते. वरील आकडेवारीत वय हीच उपाधी आहे: एकूण ७३४ मृत्यूंपैकी ६६५ पन्नाशीपुढचे होते, परंतु लसवंतांपैकी तेवढ्या वयाचे जेमतेम चौथा हिस्सा आणि लसहीनांत तर अवघे ३,४४०. न्यायातील व्याप्ती निरपवाद असते व संख्याशास्त्रातील कल केवळ बहुतांशी खरा असतो, हा भेद राहतोच. तरी विचाराची जात एकच आहे. त्या ३,४४० जणांपैकी २०५ दगावले, आणि दीड लाख बाधितांच्या बेरजेत त्यांचे मरण दिसेनासे झाले, ही केवळ गणिताची चूक नव्हे.

तरीही कोणत्या घटकानुसार गट पाडावेत, हे आकडे स्वतः सांगत नाहीत. इंग्लंडमध्ये लसीकरणाचा क्रम वृद्धांपासून सुरू झाला, म्हणजे वयाने लस ठरवली, लशीने वय नव्हे. म्हणून वयाची विभागणी योग्य ठरते. याउलट, लशीमुळेच रक्तात निर्माण होणाऱ्या प्रतिपिंडांच्या प्रमाणानुसार गट पाडले, तर लशीचा परिणामच विभागणीत विरून जाईल. कार्यकारणाचे ज्ञान आधी हवे, मग गणना.

यावर केवळ प्रत्यक्षालाच प्रमाण मानणाऱ्या चार्वाकांचा आक्षेप असा, की न दिसलेली उपाधी नेहमीच संभवते, सबब कोणतेही अनुमान प्रमाण नाही. आक्षेप बळकट आहे, कारण दीर्घ आजार किंवा दारिद्र्य यांचा हिशेब वरच्या कोष्टकात नाही. दहाव्या शतकातील नैयायिक उदयनाचार्यांनी त्याला दिलेले उत्तर असे, की शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वर्तनाशी तिचा विरोध येतो तिथे ती थांबते. भूक लागली की अन्नाकडेच वळणाऱ्याला अन्न व तृप्ती यांच्या संबंधावर प्रामाणिकपणे संशय घेता येत नाही. आणि ज्याला वयाखेरीज आणखी एखादी उपाधी आहे असे वाटते, त्याने ती नाव घेऊन दाखवावी व तिच्यानुसार मृत्यू पुन्हा मोजावेत.