गुठळी आवळताना

रक्त साध्या काचेच्या नळीत घेऊन स्टँडला लावले की काही मिनिटांत गोठते, हे सगळ्यांनाच माहीत असते. त्यापुढचा तास-दीड तास मात्र सहसा कुणी पाहत बसत नाही. नळीत गच्च बसलेली लाल गुठळी कडेने सुटू लागते, आतल्या आत आवळत जाते आणि तिच्याभोवती पिवळसर, नितळ सीरम साचते. पलूसच्या माझ्या लॅबमध्ये थायरॉईडपासून यकृतापर्यंतच्या कितीतरी तपासण्या त्या सीरमवर होतात. हल्ली घाईपोटी नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतो, पण एखादी नळी बाजूला राहून गेली की गुठळीने आपले काम चोख केलेले दिसते. शिकताना ‘क्लॉट रिट्रॅक्शन’ हा विषय एका परिच्छेदात उरकला होता. इतक्या वर्षांच्या कामानंतर मला वाटते, प्लेटलेट म्हणजे काय हे कळायला ती नळीच पुरेशी आहे. गुठळी आपोआप आवळत नाही. प्लेटलेट्स तिला ओढतात.

ओढायला बळ लागते, आणि ते येते कुठून? प्लेटलेट ही धड पेशीसुद्धा नव्हे. अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशींचा तो सुटलेला तुकडा. दोन-तीन मायक्रॉनचा, केंद्रक नसलेला, सात ते दहा दिवसांत संपणारा. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात बेटेक्स-गालां आणि ल्युशर या संशोधकांनी १९५९ साली या तुकड्यांतून एक प्रथिन वेगळे काढले. ते स्नायूंतल्या अ‍ॅक्टिन-मायोसिनसारखे निघाले. अ‍ॅक्टिन १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला हंगेरीत स्ट्राउब यांनी सशाच्या स्नायूतून मिळवले होते आणि आकुंचन हे स्नायूंचे काम, अशीच समजूत होती. स्नायूंबाहेरच्या पेशींत ही यंत्रणा सापडल्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत प्लेटलेटचा मान आहे. दंडाचा स्नायू ज्या जोडीने आवळतो, तीच जोडी कापलेल्या बोटावरची गुठळी आवळते.

एका प्लेटलेटमध्ये अ‍ॅक्टिनचे सुमारे २० लाख रेणू असतात. स्वस्थ असताना त्यातले साधारण ४० टक्के एकमेकांना जोडून धाग्यांच्या रूपात असतात, बाकीचे सुटे. आमच्याकडे द्राक्षबागेचा मांडव जसा अँगल आणि तारांवर वेलीचा भार तोलतो, तसा हा धाग्यांचा सांगाडा प्लेटलेटची चपटी चकती तोलून धरतो. फरक एवढाच की हा मांडव काही सेकंदांत उतरवून नव्याने उभारता येतो. रक्तवाहिनी फाटली की प्लेटलेटच्या आत कॅल्शियम वाढते, जेल्सोलिन नावाचे प्रथिन जुने धागे तोडते, चकती गोल होते, आणि लगेच नव्या धाग्यांच्या जोरावर तिला काटे फुटतात, पाठोपाठ पातळ पसरट पदर निघतात. आता जवळपास ७० टक्के अ‍ॅक्टिन धाग्यांत आलेले असते. ते काटे फायब्रिनच्या जाळ्याला धरतात आणि मायोसिन ओढू लागते.

हे सगळे सांगायचे कारण म्हणजे पावसाळ्यानंतरचे आमचे दिवस. कृष्णाकाठची गावे, मळ्यातली उघडी बॅरल, फवारणीच्या पाण्याच्या टाक्या. डेंगीच्या डासाला साठलेले स्वच्छ पाणी लागते आणि ते इथे भरपूर असते. मग लॅबच्या खिडकीशी दिवसभर एकच प्रश्न: ‘‘मॅडम, पेशी किती आल्या?’’ पेशी म्हणजे त्यांच्या बोलण्यात प्लेटलेट्स. काल ८० हजार होत्या, आज ५० हजार, म्हणजे माणूस हातचा चालला, असा घरच्यांचा समज होतो. मध्यरात्री सांगली-मिरजेला गाड्या पळतात, रक्तपेढीपुढे रांगा लागतात, कुणी पपईच्या पानांचा रस काढत बसते. त्या धावपळीमागची माया मला दिसते, तिला मी कधीच नावे ठेवणार नाही. पण ती माया चुकीच्या आकड्यामागे धावते, याचे वाईट वाटते.

डेंगीत जीव बहुतेक वेळा जातो तो रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपून बाहेर गेल्यामुळे. त्याची खूण त्याच रिपोर्टवर, थोडी वर छापलेली असते: पीसीव्ही, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा. तो चढू लागला, पोट दुखू लागले, उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, तर प्लेटलेट्स लाखभर असल्या तरी रुग्ण धोक्यात असतो. उलट ताप उतरलेला, पाणी पचतेय, कुठून रक्त येत नाही, अशा माणसाच्या २५ हजार प्लेटलेट्स बहुधा दोन-तीन दिवसांत आपसूक वर येतात. सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णालयांत प्लेटलेट्स २० हजार किंवा त्याहून खाली गेलेल्या, पण रक्तस्राव नसलेल्या ३७२ प्रौढ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. निम्म्यांना प्लेटलेट्सच्या पिशव्या चढवल्या, निम्म्यांना नाही. रक्तस्राव टाळण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. त्रास मात्र पिशवी चढवलेल्यांना जास्त झाला.

आकड्याची दुसरी बाजू दाखवणारा एक आजार आहे. लहानपणापासून घोळणा फुटणारी एक मुलगी तपासणीला आली होती. उष्णतेमुळे होते म्हणून घरच्यांनी कांदा हुंगवून दिवस काढले होते; पाळी सुरू झाल्यावर रक्त थांबेना, तेव्हा ते घाबरले. प्लेटलेट्स अडीच लाखांच्या आसपास, म्हणजे अगदी व्यवस्थित. मी बोटाला टोचून, कोणतेही रसायन न घालता थेट काचपट्टीवर रक्त ओढले, लिशमन रंग दिला आणि ऑइल इमर्शनखाली पाहिले. अशा पट्टीवर प्लेटलेट्सचे पुंजके दिसायला हवेत. इथे जांभळे ठिपके सुटे सुटे विखुरलेले, एकही दुसऱ्याला चिकटलेला नाही. पुढची तपासणी मुंबईत, केईएमच्या आवारातल्या आयसीएमआरच्या रक्तविकार संस्थेत झाली आणि ग्लान्झमन थ्रॉम्बास्थेनिया हे निदान पक्के झाले.

१९१८ साली ग्लान्झमन या स्विस बालरोगतज्ज्ञाने वर्णिलेल्या या आजारात अ‍ॅक्टिन शाबूत असते, प्लेटलेटला काटेही फुटतात; पण शेजारणीला आणि फायब्रिनला धरायचे पृष्ठभागावरचे प्रथिन जन्मतःच नसते किंवा निकामी असते. धरायलाच काही नाही तर ओढणार कशाला? अशा रुग्णाची गुठळी नळीत तासन्‌तास तशीच राहते. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच हा आजार होतो. म्हणून मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत असलेल्या आपल्या भागात त्याची आठवण ठेवायला हवी.

अ‍ॅक्टिनच्या या आतल्या सांगाड्यामुळेच प्लेटलेट्सच्या पिशवीचे नियमही वेगळे आहेत. रक्ताची पिशवी फ्रिजमध्ये ठेवतात, हिची जागा तिथे नाही. थंडीने अ‍ॅक्टिनची मांडणी बदलते, चकतीला काटे फुटतात, पृष्ठभागावरची प्रथिने गोळा होतात, आणि अशा प्लेटलेट्स अंगात गेल्यावर यकृतातल्या पेशी त्यांना लगोलग गिळून टाकतात. म्हणून ती पिशवी २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या यंत्रावर, सहसा पाचच दिवस ठेवतात. नेताना ती बर्फात ठेवायची नाही. पिशवी आणायला निघालेल्याला हे कुणीतरी आधी सांगायला हवे. थर्माकोलच्या डब्यात काळजीने बर्फ भरणारी माणसे मी पाहिली आहेत.

आणि एक विनंती. तापात अंग ठणकते म्हणून अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी वा इंजेक्शन घेऊ नका. त्यांनी प्लेटलेट्सचा आकडा घटत नाही, त्यांचे काम घटते, आणि माझ्या मशीनवर ते दिसत नाही. अ‍ॅस्पिरिन लागलेली प्लेटलेट तर मरेपर्यंत सुधारत नाही, कारण नवे प्रथिन घडवायला तिला केंद्रकच नाही. तापाला पॅरासिटामॉल घ्या, पाणी भरपूर प्या. रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना आधी पीसीव्ही विचारा, प्लेटलेट्स नंतर.