पडत्या काळाचे हक्क

अपयशात माणसाची परीक्षा होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यशातही ती होते, आणि पुष्कळदा अधिक कठोरपणे होते, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. एखाद्या समूहाला यश आले म्हणजे त्याच्या भोवती जमणाऱ्या माणसांत कोणता पालट होतो, आणि पडत्या काळात ज्यांनी साथ दिली त्यांचा चढत्या काळावर काही विशेष हक्क उरतो काय, हा प्रश्न नीतिविचारात क्वचितच मांडला जातो. आम्हांला तो फुटबॉलच्या मैदानावर भेटला. विषय खेळाचा आहे म्हणून तो हलका आहे, असे वाचकांनी समजू नये. हजारो माणसे स्वखुशीने, कसल्याही लाभाची हमी नसताना, आठवड्याच्या आठवड्याला एका ठिकाणी जमतात आणि अनोळखी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून गातात, अशा जागा आजच्या नगरांत फारशा उरलेल्या नाहीत. तेथे जे घडते ते माणसाच्या निष्ठेविषयी काहीतरी सांगत असलेच पाहिजे.

बर्लिन शहराच्या पूर्व अंगाला क्योपेनिक नावाचे उपनगर आहे. तेथे झाडीच्या कडेला युनियन बर्लिन या क्लबाचे मैदान आहे. १९६६ साली स्थापन झालेला हा क्लब पूर्व जर्मनीच्या राजवटीत दुय्यमच राहिला. गुप्त पोलिसांचा प्रमुख एरिख मील्के ज्याचा पाठीराखा होता, तो बी.एफ.सी. डायनॅमो हा त्याच शहरातला क्लब १९७९ ते १९८८ अशी ओळीने दहा वर्षे विजेता ठरला. युनियनच्या वाट्याला त्या राजवटीत १९६८ सालचा एक राष्ट्रीय चषक काय तो आला. जर्मनी एक झाल्यावरही क्लबाची ओढाताण संपली नाही. २००४ साली पैशाअभावी खेळण्याचा परवाना जाण्याची वेळ आली, तेव्हा चाहत्यांनी रक्तदान करून त्याबद्दल मिळणारा मोबदला क्लबाच्या तिजोरीत जमा केला. पुढे मैदान मोडकळीस आले, तेव्हा २००८-०९ मध्ये दोन हजारांहून अधिक माणसांनी सुमारे एक लाख चाळीस हजार तास विनावेतन राबून ते नव्याने उभे केले. ‘आमचे मैदान’ हे शब्द जगभर चाहते उच्चारतात. पण ज्याच्या पायऱ्यांतील काँक्रीट चाहत्यांनी आपल्या हातांनी ओतले, असे मैदान विरळाच.

अशा क्लबाला २०१७ साली वरच्या श्रेणीत जाण्याची आशा दिसू लागली. तेव्हा चाहत्यांनी जो फलक फडकविला तो मोठा विचार करण्याजोगा आहे. त्याची सुरुवात एका शिवराळ उद्गाराने होत होती, आणि ‘आता काय, आपण वर चढतो आहोत!’ असा त्याचा आशय होता. त्यात थट्टा होती, पण ती केवळ थट्टा नव्हती. ज्या यशासाठी रक्त दिले आणि घाम गाळला, ते उंबरठ्याशी आल्यावर या माणसांना धाकधूक वाटली. यश आले की गर्दी येईल, गर्दी आली की भाव चढेल, आणि भाव चढला की आपण ज्यासाठी येथे येत होतो तेच येथून निघून जाईल, अशी ती भीती होती.

त्या वर्षी यश हुकले. ते २०१९ साली आले. त्या ऑगस्टमध्ये पहिल्या श्रेणीतील पहिला सामना घरच्या मैदानावर झाला. त्या दिवशी चाहत्यांनी आपल्या दिवंगत सोबत्यांची, आईबापांची, आजोबांची छायाचित्रे उंच धरली. चारशेंहून अधिक मृत माणसे त्या दिवशी मैदानात ‘उपस्थित’ होती, आणि क्लबाने प्रेक्षकांच्या अधिकृत संख्येत त्यांचीही गणना केली. सामना ०-४ असा गमावला. तरीही त्या दिवसाकडे पराभवाचा दिवस म्हणून कोणी पाहत नाही. ज्यांनी पडता काळ पाहिला आणि चढता काळ पाहण्यापूर्वी डोळे मिटले, त्यांचे देणे जिवंतांनी त्या दिवशी आपल्या परीने फेडले.

येथवरची कथा गोड आहे. खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. या मैदानात जेमतेम बावीस हजार माणसे मावतात, आणि त्यांतली बहुतेक उभ्याने सामना पाहतात. क्लबाची सदस्यसंख्या पाहता पाहता या आकड्याच्या दुपटीच्या पलीकडे गेली. मग आत कोणी जावे? ज्याने खोरे-घमेले उचलले त्याने, की ज्याने काल नाव नोंदविले त्याने? २०२३ साली क्लब चौथ्या क्रमांकावर येऊन युरोपातील सर्वांत मोठ्या स्पर्धेला पात्र ठरला, तेव्हा या प्रश्नाला धार आली. त्या स्पर्धेतील घरचे सामने क्लबाने आपल्या मैदानावर न खेळता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ऑलिम्पिक मैदानावर खेळविले. अधिकाधिक सदस्यांना आत येता यावे, हा त्यामागचा विचार होता. सत्तर हजारांवर माणसे आली. ब्रागा, नापोली आणि रेआल माद्रिद या तिन्ही संघांनी तेथे युनियनला हरविले. घर सोडले म्हणून हरले, असे म्हणणारे भेटतात. सगळ्यांना घेऊन गेले म्हणून बरे केले, असे म्हणणारेही भेटतात. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच हा नीतीचा प्रश्न आहे.

इंग्लंडमध्ये हाच पालट निराळ्या वाटेने झाला. १९८९ साली हिल्सबरो येथील चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेत ९७ माणसे बळी पडली. तिच्या चौकशीनंतर १९९० च्या टेलर अहवालाने मोठ्या मैदानांत सर्वांना बसण्याची व्यवस्था सुचविली, आणि उभे राहण्याच्या स्वस्त पायऱ्या गेल्या. १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाली, दूरचित्रवाणीचा पैसा आला, तिकिटांचे दर चढले. २००० साली मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार रॉय कीन याने आपल्याच मैदानावरील प्रेक्षकांवर तोंडसुख घेतले. पेयपान आणि कोळंबीची सँडविचे यांत रमलेल्या काही लोकांना समोर काय चालले आहे याचा पत्ता नसतो, असा त्याचा रोख होता. तेव्हापासून इंग्रजी फुटबॉलात ‘कोळंबी-सँडविचवाला’ ही एक जातच होऊन बसली.

परंतु जुन्या दिवसांची आरती ओवाळताना सावध राहिले पाहिजे. त्या उभ्या पायऱ्यांवर जिव्हाळा होता, तशी दांडगाईही होती. कृष्णवर्णीय खेळाडूंवर केळी फेकली जात. बायकामुलांना तेथे जाण्याचा धीर होत नसे. १९८५ साली ब्रॅडफर्डच्या जुन्या लाकडी सज्जाला आग लागून ५६ माणसे गेली. त्याच महिन्यात ब्रुसेल्सच्या हायसेल मैदानावर ३९ माणसे दगावली. वातावरण ‘जिवंत’ होते असे म्हणताना त्या वातावरणात मेलेल्यांना विसरणे हा अप्रामाणिकपणा होईल. नव्या गर्दीने काही हिरावून घेतले, तसे तिच्याबरोबर काही सुधारलेही.

आता आमचे स्वतःचे म्हणणे. यशाने गर्दी बदलते म्हणजे जुनी माणसे जाऊन नवी येतात, एवढाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. तो अपुरा आहे. बदलते ते जुने माणूसही. पडत्या काळात गोल झाला की तो प्रसाद वाटे. न मागता मिळालेला, म्हणून कपाळाला लावून घेण्याचा. चार वर्षे विजय मिळाल्यावर त्याच माणसाला तोच गोल येणे वाटू लागतो, आणि तो वेळेवर वसूल झाला नाही की तो त्रासतो. काल जो गात होता तो आज वाट पाहतो. मैदानात शांतता पसरते ती पुष्कळदा अशी: नवख्यांना गाणी येत नाहीत हे एक कारण, आणि जुने गाणे विसरून हिशेब करीत बसले आहेत हे दुसरे. पहिल्या कारणाची ओरड फार होते, कारण ते दुसऱ्याच्या माथी मारता येते.

आपल्याकडे सकाम आणि निष्काम भक्ती असा एक जुना भेद आहे. एखादे आडगावचे दैवत नवसाला पावते अशी ख्याती झाली म्हणजे काय होते, हे वाचकांनी पाहिले असेल. रांगा लागतात, दुकाने थाटली जातात, दर्शनाचे दर ठरतात, आणि ज्या म्हातारीने तीस वर्षे त्या देवापुढे दिवा लावला, तिला रांगेत उभे राहावे लागते. आपले मन सहजच त्या म्हातारीच्या बाजूने कौल देते. पण हाच न्याय पुढे नेला तर कोठे पोहोचतो, तेही पाहिले पाहिजे. पंढरीच्या मंदिराबाहेर नामदेवांच्या पायरीपुढे चोखोबांची समाधी आहे. त्या भक्ताला आत घेतले नव्हते, आणि न घेणाऱ्यांचा युक्तिवाद वहिवाटीचाच होता: आम्ही पूर्वापार येथे आहो, या जागेचे पावित्र्य आम्ही राखले आहे. ते दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. ‘आम्ही आधी आलो’ या वाक्यात कृतज्ञतेची मागणी असते, आणि तिच्या आडून मालकीचा दावा केव्हा शिरतो ते म्हणणाऱ्याला कळतही नाही. सोसलेल्या दुःखाचीही एक सरदारकी होऊ शकते.

परप्रांतात राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना हे सांगावयास दूर जाण्याचे कारण नाही. दहा-पाच बिऱ्हाडांनी कोणाच्या तरी ओसरीवर सुरू केलेला गणेशोत्सव पुढे मंडळाच्या सभागृहात जातो, त्याला शेकडो माणसे येऊ लागतात, आणि मग आरतीच्या वेळी मागच्या रांगेत एक कुरकुर ऐकू येते: पूर्वीची मजा राहिली नाही. ती कुरकुर खोटी नसते. ओसरीवर प्रत्येकाच्या हाती टाळ होता, सभागृहात पुष्कळांच्या हाती काहीच नाही. परंतु ओसरी भरून वाहावी म्हणूनच तो उत्सव सुरू झाला होता, हेही तितकेच खरे.

मग जुन्यांचा हक्क कोणता? आमच्या मते तो मालकाचा नसून विश्वस्ताचा आहे. मालक आपली वस्तू दुसऱ्यापासून राखतो; विश्वस्त ती दुसऱ्यासाठी राखतो. युनियनच्या मैदानावर २००३ सालच्या नाताळात ८९ चाहते गुपचूप शिरले आणि थंडीत उभे राहून त्यांनी नाताळची गीते म्हटली. आज त्याच कार्यक्रमाला २८ हजारांवर माणसे जमतात. त्या ८९ जणांनी आपले गीत आपल्यापुरते ठेवले असते तर ते अधिक शुद्ध राहिले असते कदाचित. पण ते त्यांच्याबरोबरच संपले असते. विश्वस्ताच्या हक्काला कर्तव्याची जोड असते: नवख्याला गाणे शिकवणे, येथे कोण कोण राबले ते सांगणे, आणि तो चुकला तर हसण्यापूर्वी आपणही एकदा नवखे होतो हे आठवणे.

नवागताचेही एक कर्तव्य आहे. दाम मोजले म्हणजे सामना विकत मिळतो. वातावरण मिळत नाही. ते कोणी तयार करून ठेवलेले नसते. आलेल्यांनीच ते निर्माण करावयाचे असते. जो केवळ ते पाहावयास येतो, तो त्यातून उचलतो पण भर घालीत नाही. आणि सर्वच पाहावयास आले तर पाहण्याजोगे काही उरत नाही.

आणि चालकांचे कर्तव्य सर्वांत मोठे, कारण दार त्यांच्या हाती असते. जागा थोड्या आणि मागणारे फार, अशा वेळी वाटणीचे तीन मार्ग असतात: ज्येष्ठता, चिठ्ठी आणि लिलाव. ज्येष्ठतेत कृतज्ञता आहे, पण तरुणाला ती दाराबाहेर म्हातारा करते. चिठ्ठी आंधळी आहे, पण ती कोणाचा खिसा चाचपीत नाही. लिलाव तिघांत सर्वांत सोयीचा आणि सर्वांत घातक, कारण तो निष्ठेला पैशाच्या भाषेत बोलावयास लावतो, आणि ज्यांनी रक्त दिले त्यांच्याजवळ पैसा नव्हता म्हणूनच तर त्यांनी रक्त दिले होते. काही जागा ज्येष्ठांना, बाकीच्या चिठ्ठीने, आणि दर मजुराच्या आवाक्यातला, ही वाटणी आम्हांला न्याय्य वाटते. तिच्याने तिजोरी कमी भरेल. पण तिजोरी भरावी म्हणून तो क्लब स्थापन झाला नव्हता.

यानंतरची हकीगत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. २०२३ च्या शरदात युनियनचा संघ ओळीने हरू लागला. ज्या प्रशिक्षकाने क्लबाला वर आणले होते, त्या उर्स फिशर यांनी नोव्हेंबरात निरोप घेतला. २०२४ च्या मे महिन्यात अगदी शेवटच्या सामन्यात विजय मिळाला, तेव्हा कोठे श्रेणी टिकली. त्या सगळ्या काळात मैदान भरलेलेच राहिले. त्या गर्दीत २००४ साली रक्त दिलेले होते, आणि यश पाहून कालपरवा आलेलेही होते. पावसात भिजत, आपला संघ हरताना पाहत, गाणे न थांबविणाऱ्या त्या माणसांत जुने कोण आणि नवे कोण हे बाहेरून आलेल्याला सांगता आले नसते. यशाने गर्दी जमते, हे खरेच. तिच्यातले आपले कोण, हे पुढचा पराभव सांगतो. ज्याने तो एक पराभव उभ्याने सोसला, तो त्या दिवसापासून जुन्यांत जमा झाला, असे आम्ही समजतो.