बँकेचे दोन वैरी

१७९१च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय बँकेचे विधेयक राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनपुढे सहीसाठी आले आणि तो घुटमळला. योजना अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनची: एक कोटी डॉलर भांडवल, त्यातला पाचवा हिस्सा सरकारचा, बाकी खाजगी भागधारकांचा, सनद वीस वर्षांची. प्रतिनिधिगृहात जेम्स मॅडिसनने तिला कडाडून विरोध केला होता. परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसनने लेखी मत दिले, की असा अधिकार घटनेने संघसरकारला दिलेलाच नाही. बँक सोयीची असेल, पण तिच्यावाचून काही अडत नाही. साध्य नेमून दिले की साधनेही आपोआप मिळतात, हे हॅमिल्टनचे उत्तर. २५ फेब्रुवारीला सही झाली.

या विरोधाची गोष्ट बहुधा घटनेच्या अर्थावरचा वाद म्हणून सांगतात. तो वाद खोटा नव्हता, पण त्याचे वजन बोलणारा कुठल्या खुर्चीत बसला आहे त्यावर कमीजास्त होई. जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हा त्याने बँकेला हात लावला नाही. उलट लुइझियानाचा प्रदेश घेतल्यावर न्यू ऑर्लिन्सला तिची शाखा निघाली. त्याच्याच सरकारने १८०२ मध्ये आपल्याकडचे उरलेले शेअर लंडनच्या बेअरिंग पेढीला विकले. पुढे १८११ मध्ये सनद संपत आली, तेव्हा त्याच्याच पक्षातले लोक ओरडू लागले, की बँक परकीयांच्या हाती गेली! बहुतेक शेअर परदेशात होते हे खरे, पण त्या भागधारकांना मताचा अधिकार नव्हता, हे कोणी फारसे बोलत नसे.

ओरड्यामागे दुसरेही कोणी उभे होते. या वीस वर्षांत राज्यांच्या सनदेवर चालणाऱ्या बँका नव्वदच्या आसपास झाल्या होत्या. प्रत्येक बँक स्वतःच्या नोटा काढी. राष्ट्रीय बँकेकडे कराच्या भरण्यात या नोटांचा ढीग जमे आणि ती त्या ज्याच्या त्याच्या खिडकीवर पाठवून रोख सोने-चांदी मागे. ज्याने ऐपतीबाहेर नोटा छापल्या त्याला घाम फुटे. शिवाय सरकारी ठेवी आपल्याकडे याव्यात ही हाव होतीच. म्हणजे बँकेचे वैरी दोन जातीचे होते: कागदी पैसाच नको म्हणणारे, आणि तो हवा तेवढा छापू द्या म्हणणारे. त्यांचे एकमेकांशी पटण्यासारखे काही नव्हते, पण मत देताना दोघांचे हात एकाच बाजूला वर जात. सिनेटमध्ये १७ विरुद्ध १७ अशी बरोबरी झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज क्लिंटनच्या मताने बँक गेली.

पुढच्याच वर्षी इंग्लंडशी युद्ध. राज्यबँकांची संख्या भराभर वाढली आणि १८१४ मध्ये बहुतेकांनी नोटांवर सोने देणे थांबवले. १८१६ मध्ये दुसऱ्या बँकेच्या कायद्यावर सही करणारा राष्ट्राध्यक्ष होता तोच मॅडिसन.

ही दुसरी बँक आपल्याच कर्माने नावडती झाली. पश्चिमेकडे तिने आधी सैल हाताने कर्जे वाटली, मग एकदम वसुली लावली. सिनसिनाटीत घरे, दुकाने, तबेले कर्जापोटी तिच्या नावावर चढले. ओहायोने तिच्या प्रत्येक शाखेवर पन्नास हजार डॉलर कर बसवला. सप्टेंबर १८१९ मध्ये राज्याची माणसे चिलिकोथीच्या शाखेत शिरली, तिजोरीतून सुमारे एक लाख वीस हजार डॉलर काढले आणि गाडीत घालून कोलंबसला नेले. असा कर राज्याला लावता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काही महिन्यांपूर्वीच मेरीलँडच्या खटल्यात आला होता. त्या खटल्यात बँकेतर्फे ज्याचे नाव आहे, तो बाल्टिमोर शाखेचा रोखपाल जेम्स मॅककलॉक स्वतःच बँकेचा पैसा हडपत होता. निकालाने कायद्याचा प्रश्न मिटवला. लोकांच्या मनातला राग मिटवण्याची त्याची ताकद नव्हती.

तो राग राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने उचलला, आणि बँकेची सनद पुढे चालवण्याचे विधेयक परत पाठवले. १० जुलै १८३२ च्या त्या नकाराधिकार-संदेशात घटना आहे, परकीय भागधारक आहेत, पण खरा जोर श्रीमंत लोक सरकारला आपल्या स्वार्थासाठी वाकवतात या आरोपावर आहे. जेफरसनला विचारायचे होते, हा अधिकार कोणी दिला. जॅक्सनने विचारले, हा अधिकार कोणाच्या खिशात गेला. मला हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो, आणि बँकेचा अध्यक्ष निकोलस बिडलने तो स्वतःच खरा करून दाखवला. जॅक्सनने सरकारी ठेवी हलवायला सुरुवात करताच त्याने कर्जे आवळून देशाला चिमटा काढला. सिनेटमध्ये बँकेची बाजू लढवणारा डॅनियल वेब्स्टर तिचा वकीलही होता. ऐन भांडणात त्याने बिडलला पत्र लिहून आपल्या फीची आठवण करून दिली.

पण ठेवी गेल्या कुठे? निवडक राज्यबँकांत, टीकाकार त्यांना लाडक्या बँका म्हणत. जॅक्सनला खरे तर सगळ्याच बँकांचे भय होते. इंग्लंडातल्या साउथ सी कंपनीच्या बुडबुड्याविषयी वाचल्यापासून ते बसले, असे त्याने बिडललाच सांगितले होते. त्याच्या लढाईचा पहिला लाभ मात्र दुसऱ्या जातीच्या वैऱ्यांना झाला. लगाम सुटल्यावर नोटांचा आणि जमीनखरेदीचा पूर आला. १८३६ मध्ये सरकारी जमिनीचा पैसा सोन्या-चांदीतच घेण्याचा हुकूम काढून जॅक्सनने बांध घालू पाहिला. मे १८३७ मध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी सोने देणे बंद केले. तोवर तो घरी गेला होता, निस्तरणे पुढचा राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेनच्या वाट्याला आले.

१८४१ मध्ये सिनेटर हेन्री क्लेने पुन्हा बँक आणू पाहिली. हा तोच क्ले, ज्याने १८११ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली होती. राष्ट्राध्यक्ष जॉन टायलरने दोन विधेयके एकामागून एक परत पाठवली आणि एक सोडून सगळे मंत्री राजीनामा देऊन निघून गेले. त्यानंतर सत्तर वर्षे एका राष्ट्रीय बँकेचे नाव काढणे राजकारणात जोखमीचेच राहिले. १९१३ मध्ये अखेर कायदा झाला, तोही त्या जुन्या भयाला सांभाळून: एक बँक नाही, बारा, वॉशिंग्टनला फक्त मंडळ. त्या बारा कुठे ठेवायच्या यावर शहरांची रस्सीखेच झाली, आणि एकट्या मिझुरी राज्याने त्यातल्या दोन पटकावल्या.