एकट्याची शर्यत

शर्यत म्हटली की दुसरा मनुष्य त्या कल्पनेतच गृहीत धरलेला असतो. धावणारा एकटाच असेल तर तो धावला एवढेच म्हणता येईल, तो जिंकला किंवा हरला असे म्हणण्यास काही आधार उरत नाही, असा सर्वसामान्य समज आहे आणि वरवर पाहता तो निर्विवाद वाटतो. या समजाला अलीकडे ज्या ठिकाणाहून धक्का बसला, ते ठिकाण तत्त्वचिंतनाचे म्हणून कोणी मानलेले नाही. मोटारशर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये एकट्याने खेळण्याचा भाग असावा की नसावा, आणि तो मागाहून जोडला गेला तर त्याचे स्वागत करावे की त्याबद्दल रुष्ट व्हावे, याविषयी खेळणाऱ्यांनी जो वाद घातला, त्यात मला एक फार जुना प्रश्न नव्या वेषात उभा राहिलेला दिसतो: माणसाच्या कर्माला साक्षीदार लागतो काय?

प्रथम हकीकत. जपानच्या पॉलिफनी डिजिटल या संस्थेची आणि तिचे प्रमुख काझुनोरी यामाउची यांची ‘ग्रॅन टुरिस्मो’ ही गेममालिका डिसेंबर १९९७ मध्ये सुरू झाली. तिचा साचा ठरलेला होता. खेळणाऱ्याने थोड्याशा पैशांत एखादी साधी, बहुधा जुनी गाडी घ्यावी, परवान्याच्या परीक्षा द्याव्यात, लहान लहान चषक जिंकून पैसा साठवावा आणि वर्ष-सहा महिन्यांच्या चिकाटीने एका समृद्ध गाडीखान्याचा धनी व्हावे. आणि हा सर्व प्रवास यंत्राने चालविलेल्या प्रतिस्पर्ध्यांच्या संगतीत, म्हणजे वस्तुतः एकट्याने, व्हावा. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आलेल्या ‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’ने हा साचा मोडला. जागतिक मोटारक्रीडेची नियामक संस्था जी एफआयए, तिच्या सहकार्याने माणसामाणसांतील शर्यत हेच या खेळाचे केंद्र करण्यात आले. शाळा, कामगिऱ्या आणि धावपट्ट्यांचा सराव एवढेच मुख्यतः एकट्याच्या वाट्यास उरले. प्रत्यक्ष स्पर्धेत उतरण्यापूर्वी शिष्टाचाराच्या दोन चित्रफिती पाहणे सक्तीचे होते, आणि उतरल्यावर प्रत्येकाच्या नावापुढे दोन श्रेणी लागत: एक त्याच्या वेगाची, दुसरी त्याच्या वर्तनाची. दोन महिन्यांनी, डिसेंबर २०१७ मध्ये, एका अपडेटमधून ‘जीटी लीग’ आली. ‘संडे कप’सारख्या नवशिक्यांच्या चषकापासून चढत जाणारी जुनी एकट्याची वाट पुन्हा खुली झाली.

या घटनेवर उमटलेल्या प्रतिक्रिया केवळ पसंती-नापसंतीच्या नव्हत्या. पुष्कळांना हरवलेले घर परत मिळाल्यासारखा आनंद झाला. दुसरे काही असे होते की त्यांना मिळालेल्या वस्तूपेक्षा ती मागून मिळाली याचेच दुःख अधिक. जे आमचे हक्काचे होते ते दानासारखे का दिले, अशी त्यांची फिर्याद होती. तिसरा वर्ग मला सर्वांत विचारार्ह वाटतो. त्याचे म्हणणे असे की, यंत्राला हरविण्यात पुरुषार्थ तो कोणता? वळणावर समोरच्या गाडीत जिवंत मनुष्य आहे, त्यालाही भीती आहे, त्यालाही जिंकायचे आहे, हे माहीत असताना त्याला जागा सोडणे अथवा न सोडणे यात जी नीती आहे, ती सांकेतिक आज्ञांवर चालणाऱ्या गाडीशी वागताना कोठून येणार? हा आक्षेप उथळ नाही. दुसऱ्यावाचून धर्म नाही, अशीच त्याची भूमिका आहे, आणि आपल्या परंपरेतील लोकसंग्रहाचा विचार तिच्या बाजूला उभा राहतो.

तरीही जालन्याच्या एमआयडीसीत राहणाऱ्यास या आक्षेपाची दुसरी बाजू दिसल्यावाचून राहत नाही. येथल्या सळयांच्या कारखान्यांत भंगाराचा ट्रक फाटकातून आत येतो तो वजनकाट्यावरूनच, आणि सळयांचा ट्रक बाहेर पडतो तोही काट्यावरूनच. भट्टीत किती माल वितळला, त्यास किती युनिट वीज लागली, तापून लाल झालेले बिलेट मिलमधून कोणत्या जाडीचे होऊन बाहेर पडले, कोणत्या पाळीने किती टन काढले, या सर्वांची नोंद होते. ठेकेदाराच्या मस्टरवर माणसाची हजेरी लागते आणि मुकादमाच्या तोंडी पाळ्यांची तुलना अखंड चालू असते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको स्थापन केल्यापासून ज्या बियाण्यांनी या गावाचे नाव दूरवर नेले, त्या बियाण्याच्या दाण्यालाही आपली उगवणशक्ती टक्क्यांत सिद्ध करावी लागते. मापन हे उद्योगाचे प्राणतत्त्व आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. मोजमापावाचून पक्की सळई होणार नाही आणि त्या सळईवर कोणाचे घरही उभे राहणार नाही. परंतु माझ्या परिचयाचा, एका मिलमध्ये विजेचे काम पाहणारा तरुण रात्रपाळीहून आल्यावर ऑनलाइन शर्यतीस का बसत नाही असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “काका, रात्रभर आकडेच बघायचे, अन् घरी येऊन पुन्हा आपलाच आकडा बघायचा का?” नावापुढे श्रेणी न लागता, कोणाच्या वर किंवा खाली न बसता, एखादे वळण नीट साधले एवढ्याच आनंदासाठी गाडी हाकण्याची त्याची इच्छा आहे. तिला पळपुटेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

येथून प्रश्न धर्माच्या प्रांतात शिरतो. जे कर्म कोणी पाहत नाही, ज्याची नोंद होत नाही, ज्याचे फळ कोणाच्या हिशेबात धरले जात नाही, त्याचे मूल्य काय? सांख्यांनी पुरुषाला केवळ साक्षी मानले. मुंडक उपनिषदाने एकाच झाडावर दोन पक्षी बसविले, त्यांतील एक फळ खातो आणि दुसरा नुसता पाहतो. बाहेरचे सर्व साक्षीदार निघून गेले तरी आत एक पाहणारा शिल्लक असतो, आणि कर्माचा खरा निवाडा त्याच्यापुढेच होतो, ही आपल्या चिंतनाची फार मोठी कमाई आहे. याच जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी, १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. मठांची साखळी उभारणारे, गावोगावी मारुती स्थापणारे, लोकांना संघटित होण्यास सांगणारे असे त्यांचे जे रूप आपल्या मनात ठसले आहे, ते नाशिकजवळच्या टाकळीला त्यांनी केलेल्या बारा वर्षांच्या तपानंतरचे आहे, असे परंपरा सांगते. लोकांत जाण्यापूर्वीची ती बारा वर्षे कोणासमोर आणि कशासाठी होती, याचे उत्तर लोकसंग्रहाच्या परिभाषेत पूर्ण देता येत नाही. त्या एकांताला लोककार्याची तालीम म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते त्याचे अवमूल्यन होईल. ज्याने ते तप केले त्याच्या लेखी ते तपच होते.

गेमच्या एकट्या शर्यतीला तपाची पदवी देण्याचा माझा हेतू नाही. उलट तिच्यावरचा सर्वांत गंभीर आरोप तपाच्याच दृष्टीने करता येतो: ती खुशामत करते. मोटारशर्यतीच्या पुष्कळ गेममध्ये यंत्राचे प्रतिस्पर्धी, खेळणारा मागे पडला की स्वतः मंदावतात आणि तो पुढे गेला की वेग घेतात, म्हणजे शेवटपर्यंत चुरस असल्याचा भास टिकतो. ‘ग्रॅन टुरिस्मो’मधील प्रतिस्पर्ध्यांविषयीही खेळणाऱ्यांची कुरकुर जुनीच आहे, आपल्याला सर्वांच्या मागे उभे करायचे, पुढच्या गाड्या लांबवर विखरून ठेवायच्या, आणि मग एकेक गाठत जाण्यालाच शर्यत म्हणायचे, हे त्यांना पटत नाही. असा विजय माणसाला फुगवतो, आणि जो एकांत अहंकाराला खाद्य पुरवितो तो बाजारातील गर्दीपेक्षाही घातक, हे मान्य केलेच पाहिजे.

पण खोटा प्रतिस्पर्धी आणि निर्जीव प्रतिस्पर्धी यांत अंतर आहे, आणि ते मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज पडू नये. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला शास्त्राचे रूप दिले, तो खांब मल्लाला ढकलत नाही, डाव टाकत नाही, आणि त्याची दयाही करीत नाही. पकड चुकली की मल्ल घसरतो, आणि त्या घसरण्याचा दोष कोणावर ढकलता येत नाही. खांब प्रामाणिक आहे म्हणूनच त्याच्याशी केलेली झुंज व्यर्थ जात नाही. गेममधील रस्ता आणि वळण हा असाच खांब आहे. जर्मनीतील नुर्बुर्गरिंगचा २० किलोमीटरहून लांब उत्तरी फेरा ज्याने एकट्याने पुन्हा पुन्हा हाकला आहे, त्याला ठाऊक असते की तेथे खुशामत नाही. ब्रेक क्षणभर उशिरा लागला की गाडी गवतात जाते. यंत्राचा प्रतिस्पर्धीही प्रामाणिक करता येतो याचा दाखला सोनीच्या संशोधकांनी दिला आहे. ‘जीटी सोफी’ नावाच्या त्यांच्या कृत्रिम चालकाने निष्णात खेळाडूंना हरविल्याचे संशोधन फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि मला त्यात वेगापेक्षा दुसरीच गोष्ट मोलाची वाटली: टक्कर न मारता, पण भिऊनही न राहता स्पर्धा कशी करावी, हा शिष्टाचार त्या यंत्राला वेगळा शिकवावा लागला होता.

आता वर्तनाच्या त्या श्रेणीकडे पुन्हा वळतो. माणसांमध्ये खेळताना कोणी धक्का मारला तर त्याची श्रेणी घसरते, म्हणून तो मारीत नाही. हे सभ्यतेचे पहिले पाऊल आहे आणि ते तुच्छ नाही. एकट्याच्या शर्यतीत मात्र यंत्राच्या गाडीवर आदळून तिच्याच आधाराने वळण घेता येते, आणि चूक झाली की शर्यत पहिल्यापासून सुरू करण्याची कळ हाताशी असते. ती कळ दाबली तर कोणाला कळणार नाही. श्रेणीने वागणारा मनुष्य आणि स्वभावाने वागणारा मनुष्य यांची पारख होते ती येथे, हिशेबाच्या वहीबाहेर. एकट्याने शर्यत पुरी करणारा, तिसऱ्या वळणावर घसरून आठवा आला तरी ती कळ न दाबता शेवटची रेषा ओलांडणारा खेळाडू मी पाहिला आहे, आणि त्याच्याविषयी मला जो आदर वाटला तो कोणत्याही विजेत्याविषयी वाटलेल्या आदराहून उणा नव्हता. अनेक गेममध्ये आणखी एक सोय असते: आपलीच आधीची सर्वोत्तम फेरी पारदर्शक गाडीच्या रूपाने पुढे धावत राहते. तिच्यातून आरपार जाता येते, तिला अडविता येत नाही. कालच्या स्वतःला आज ओलांडण्याचा हा उद्योग ज्याने केला आहे, त्याला उपनिषदातील दुसऱ्या पक्ष्याविषयी फार स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही.

मात्र एकांताची एक अट आहे, आणि गेम बनविणाऱ्यांनी तीच मोडली आहे असे मला खेदपूर्वक म्हणावे लागते. जो एकांत दुसऱ्याच्या परवानगीने मिळतो तो नजरकैदेचाच एक सौम्य प्रकार होय. मार्च २०२२ मध्ये ‘ग्रॅन टुरिस्मो ७’च्या एका अपडेटनंतर त्याचे सर्व्हर तीस तासांहून अधिक काळ बंद राहिले, तेव्हा ज्यांना कोणाशीही स्पर्धा करायची नव्हती त्यांनाही आपल्याच घरात आपल्याच गाडीखान्याचे दार उघडता येईना, यामाउचींना जाहीर माफी मागावी लागली. त्याहून कठोर प्रकार युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या गेमचा. २०१४ साली विकलेला हा गेम ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हरसह बंद झाला, आणि पैसे मोजून घेतलेल्यांच्या संग्रहातून त्याचा परवानाही काढून घेण्यात आला. जप्तीला निदान हुकूम लागतो, पंचनामा लागतो. येथे त्यांपैकी काही नव्हते. त्यावर जो क्षोभ उसळला त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ निघाली, युरोपीय संघापुढील तिच्या अर्जावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या, आणि ‘द क्रू’च्या पुढल्या भागांना सर्व्हरविना खेळण्याची सोय देण्याचे त्या कंपनीला जाहीर करावे लागले. या सह्यांमागे केवळ ग्राहकाची नाराजी आहे असे समजणे चुकीचे ठरेल. मला कोणी पाहू नये, मोजू नये आणि बाहेरही काढू नये अशी चार हात जागा असावी, ही मागणी त्या सह्यांच्या मुळाशी आहे.

‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’ची ऑनलाइन सेवा ३१ जानेवारी २०२४ रोजी संपली. तत्पूर्वी त्यात असा बदल करण्यात आला की उरलेला भाग इंटरनेटवाचून खेळता यावा आणि प्रगती जतन व्हावी. माणसामाणसांतील शर्यती, वेगाची श्रेणी, वर्तनाची श्रेणी हे सारे त्या दिवशी आटोपले; २०१७ च्या डिसेंबरात पुरवणी म्हणून आलेली ‘जीटी लीग’ राहिली. इतकी दूरदृष्टी प्रत्येक विक्रेता दाखवीलच अशी शाश्वती नाही. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदा करून डिजिटल वस्तू विकणाऱ्यांवर असे बंधन घातले की, जे विकले जात आहे तो मालकीहक्क नसून काढून घेता येण्याजोगा परवाना असेल, तर ते ग्राहकास स्पष्ट सांगावे. आपल्याकडेही तसे व्हावे, आणि त्यापुढे एक पाऊल टाकून, सेवा बंद पडल्यावर एकट्या माणसास त्यातील काय खेळता येईल हे विक्रीच्या वेळीच लिहून देण्याची सक्ती व्हावी, असे माझे मागणे आहे. रात्रपाळी करून महिन्याच्या पगारातून हप्ते फेडीत जो तरुण गेमचे यंत्र घेतो, त्याला ते आधीच माहीत असले पाहिजे.